भाई येता: साधा की चालू

आचरा, ता. १८ जानेवारी १९५९

भाई,

मायना तीन वेळा लिहिला आणि तिन्ही कागद बाजूला ठेवले. ज्याचे एक वर्ष दहा महिने पत्र नाही त्याला 'कृपापत्र पावले' असे लिहिता येत नाही. साष्टांग नमस्कार लिहिला तर तुम्हाला वाटेल, याला काहीतरी मागायचे आहे. मागायचे आहेच. म्हणून तेच आधी लिहितो.

शिक्षिकांच्या ट्रेनिंगसाठी सुगंधावहिनींचे नाव रत्नागिरीच्या यादीत पुन्हा लागले आहे. ट्रेनिंग दोन वर्षांचे, राहण्याची सोय तिथेच, आणि नंतर जिल्ह्यात कुठेतरी शाळा मिळते. पंधरा जूनला हजर व्हायचे आहे. अर्जाबरोबर पतीची संमती जोडावी लागते. छापील नमुना सोबत ठेवला आहे. जिथे पेन्सिलीने बारीक फुली केली आहे तिथे सही करावी. फुली नंतर मी खोडीन. कागद मे अखेरपर्यंत माझ्या हातात पडावा.

दोन वर्षांपूर्वीही त्यांचे नाव लागले होते. तेव्हा काही कारणाने राहून गेले. या वेळी राहिले तर वय बसणार नाही, असे रत्नागिरीहून स्पष्ट कळवले आहे.

आई बरी आहे. गुडघे धरतात. मी पुढच्या वर्षी खासगीतून एस. एस. सी.ला बसणार आहे. आठवी अर्ध्यात सोडल्याला आता बरीच वर्षे झाली, पण गणित, इतिहास वगैरेंचा धीर आहे. अडतो तो इंग्रजीत, आणि तोही अगदी पहिल्या दोन धड्यांत: साधा वर्तमानकाळ आणि चालू वर्तमानकाळ. माडांना पाणी लावायला पायाने रहाट चालवताना मोठ्याने वाक्ये म्हणतो. आय वॉटर द ट्रीज. आय ॲम वॉटरिंग द ट्रीज. आई म्हणते, "बैल बांधलो असतो तर तो तरी मुकाट्यान फिरलो असतो."

इंग्रजी मी देवनागरीत लिहितो त्याचे कारण तुम्हाला माहीत आहे. आठवीत असताना तुम्हाला पाठवलेले माझे इंग्रजी पत्र तुम्ही तांबड्या शाईने दुरुस्त करून परत पाठवले होते. सतरा चुका होत्या. ते मी अजून ठेवले आहे. रागाने नव्हे. स्पेलिंग बघायला उपयोगी पडते.

तुमचा ठावठिकाणा माहीत नसल्याने पत्र मुंबईला बोटीच्या कंपनीच्या पत्त्यावर पाठवतो आहे. ते पुढे पाठवतील असा भरवसा धरतो.

गुरुदास

---

आचरा, ता. १५ फेब्रुवारी १९५९

भाई,

चार आठवडे झाले. पहिले पत्र कदाचित कंपनीतच पडून असेल म्हणून दुसरा नमुना नकलून सोबत ठेवतो. नक्कल हुबेहूब आहे, मी दोनदा ताडून पाहिली. फुली त्याच जागी आहे.

मला आता शिकवणी मिळाली आहे. देवळामागच्या आनंदीबाई तुम्हाला आठवत असतील. मुंबईत एका साहेबाच्या घरी बावीस वर्षे आया होत्या, त्या. साहेब विलायतेला गेल्यावर त्या गावी परतल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नाही, पण इंग्रजी असे बोलतात की आपण गप्प बसून ऐकावे. मी पुस्तक घेऊन गेलो तर म्हणाल्या, "ता ठेव बाजूक. माका व्याकरान येणा नाय. मी बोलतंय ता ऐक, आणि माज्या सुपारीक हात लाव." म्हणून त्या बोलतात आणि मी सुपारी सोलतो.

अडचण अशी आहे. पुस्तक म्हणते, जे रोज घडते, जी रीत आहे, ते साध्या काळात लिहावे. जे बोलतेवेळी घडते आहे ते चालू काळात. द सन राइझेस इन द ईस्ट. सूर्य पूर्वेला उगवतो, ही रीत. द सन इज राइझिंग, म्हणजे आत्ता उगवतो आहे, बघा तिकडे. पुस्तकातल्या मराठीत हे कळते. पण मी विचार मालवणीत करतो, आणि तिथे दोन्हीला एकच शब्द आहे. वहिनी पाणी लावता. रोज लावता तरी लावता, आत्ता लावता तरी लावता. आईला हे समजावून सांगायला गेलो तर ती म्हणाली, "लावता म्हंजे लावता. तेचे दोन अर्थ केलंस म्हणान पाणी काय दुप्पट येतला?"

तुमच्या कार्डाबद्दल मागच्या पत्रात लिहायचे राहिले. १९५७च्या मार्चमध्ये एडनहून पाठवलेले कार्ड पोचले होते. सर्वांना आनंद झाला.

गुरुदास

---

आचरा, ता. ८ मार्च १९५९

भाई,

मागच्या पत्रात 'सर्वांना आनंद झाला' असे लिहिले. ते वाक्य पाठवल्यापासून मला टोचते आहे. शुद्धलेखन बरोबर आहे, पण वाक्य अपुरे आहे.

कार्ड माझ्या नावाने आले होते. एका बाजूला एडनच्या बंदराचे चित्र, दुसऱ्या बाजूला तुमच्या अक्षरात एकच ओळ. डिअर गुरुदास, आय ॲम कमिंग. खाली तुमची सहीही इंग्रजीत. मराठी एक अक्षर नाही. तुम्ही इंग्रजीत का लिहिलेत ते मला वाचण्याआधीच समजले होते. बंदरावर तुम्हाला निरोप देताना मी जे बोललो ते चार माणसांनी ऐकले होते. "बोटीच्या भटारखान्यात कांदे सोलतंस, तुका खंयची इंग्रजी?" असे मी म्हणालो होतो. त्याआधी तुम्ही मला आठवी नापास म्हणाला होता, तेही त्याच चार माणसांसमोर. पण तुम्ही मोठे, आणि शाळेत मला तुम्हीच घातले होते. मी तसे बोलायला नको होते. हे लिहायला मला अडीच वर्षे लागली.

तर कार्ड म्हणजे माझी परीक्षा आहे असे मी धरले. अंगणात उभा राहून, शेजारची हौसाबाई, आई, वहिनी सगळ्यांना ऐकू जाईल असे वाचले. मग अर्थ सांगितला. म्हणालो, हा चालू वर्तमानकाळ आहे. याचा अर्थ नुसते येणार असा नाही. येण्याची क्रिया सुरू झाली आहे. भाई निघाले आहेत. वाटेवर आहेत.

हौसाबाई म्हणाली, "बघा, पोर शिकला ता फुकट नाय गेला."

त्यानंतर बोटीच्या प्रत्येक दिवशी मी मालवणला गेलो. बोट लांब उभी राहते, पडावातून माणसे किनाऱ्याला येतात, आणि प्रत्येक पडावातले शेवटचे माणूस उतरेपर्यंत मी थांबत असे. वहिनींना ट्रेनिंगचे बोलावणे एप्रिलमध्ये आले. त्या म्हणाल्या, ते येतच आहेत तर त्यांना विचारून जाऊ. मे संपला, पावसाळ्यासाठी बोट बंद झाली. मी म्हणालो, बोट बंद म्हणून अडकले असतील. पंधरा जून गेला. 'काही कारणाने राहून गेले' ते हे कारण.

आता तिसऱ्यांदा विचारतो. नमुन्यावर सही करून पाठवावी. तुम्ही मला उत्तर देऊ नका, फक्त सही पाठवा.

मी कंपनीलाही इंग्रजीत पत्र टाकले आहे. 'व्हेअर डज माय ब्रदर गो' असे लिहिले होते. आनंदीबाई म्हणाल्या, "असा विचारलंस तर ते सांगतले, तुजो भाव रोज बाजारात जाता. सरळ विचार, व्हेअर इज ही?" तसे बदलले.

गुरुदास

---

आचरा, ता. १२ एप्रिल १९५९

भाई,

काल जे कळले ते तुम्हाला लिहू नये असे सकाळपासून ठरवत होतो. आता लिहितो.

आनंदीबाई काल आपल्या नोकरीचे पहिले दिवस सांगत होत्या. मी सुपारी सोलत होतो. त्यांच्याच शब्दांत लिहितो, म्हणजे माझ्या हातून काही बदलायला नको.

"पयल्या दिसाक सांजचा काम आटापला. मी पदर सारको केलंय आणि मडमीक सांगलंय, 'आय ॲम कमिंग, मॅडम.' आमी सांगतो नाय, येतंय गो बाय, तसा. भायर पडताना जातंय कसा म्हणूचा? तर मी जिनो उतरान गेलंय, आणि मडम दारात उबी. माका वाटला, बाय मायेची आसा, माका पोचवक उबी रवता. दुसऱ्या दिसाक तसाच. तिसऱ्या दिसाक सायबान आडयल्यान. म्हणता, 'आया, तू रोज सांगतंस येतंय आणि जातंस खंय? मडम अर्धो अर्धो तास दार उगडा ठेवन उबी आसता.'"

त्या हसता हसता खोकायला लागल्या. मी पाणी आणून दिले. त्या म्हणाल्या, "काय रे, तुका हसूक येणा नाय?"

मी म्हणालो, येता.

भाई, तुम्ही 'येत आहे' म्हणून लिहिलेत, की 'येतंय' म्हणून? घराबाहेर पडणारा माणूस उंबऱ्यावर म्हणतो तसे? एडनला तुम्ही दुसऱ्या बोटीवर चढत होता का? की आधीच चढला होता? मी व्याकरणाने बरोबर वाचले. आय ॲम कमिंग याचा पुस्तकातला अर्थ तोच आहे. पण ते पुस्तक लिहिणाऱ्याने आचऱ्याचा उंबरा ओलांडलेला नाही, आणि तुम्ही ओलांडलेला आहे.

आणि दुसरे असे की येणारा माणूस बोटीचे नाव लिहितो. तारीख लिहितो. घरी काय हवे ते विचारतो. तुम्ही यातले काही लिहिले नव्हते. हे मला कार्ड हातात पडले त्याच दिवशी दिसले होते. मी ते कोणाला सांगितले नाही, कारण वाचून दाखवून झाले होते आणि हौसाबाई मला शिकलेला म्हणाली होती.

वहिनींना हे अजून सांगितलेले नाही. त्या रहाटाच्या पलीकडे पाटाच्या टोकाला उभ्या राहून माडांची आळी भरून घेतात, आणि आळे भरले की हाक देतात, "भावजी, रवा." मी थांबतो. त्या पाट वळवतात. मग पुन्हा सुरू. मधल्या वेळात मी वाक्ये म्हणतो. आज एकही म्हणवले नाही. त्यांनी दोनदा वर बघितले.

तुमचे उत्तर आले तर माझा हा सगळा तर्क चुकीचा ठरेल. मला तो चुकीचा ठरलेला हवा आहे. सही विसरू नये.

गुरुदास

---

आचरा, ता. ३ मे १९५९

भाई,

आता पत्ता मिळाला आहे, म्हणून हे पत्र सरळ तुमच्याकडे येते आहे.

कंपनीचे उत्तर शुक्रवारी आले. टाइप केलेल्या चार ओळी. तुम्ही १९५७मध्येच त्यांची नोकरी सोडलीत. माझी पत्रे त्यांनी वेळोवेळी तुमच्या पत्त्यावर पुढे पाठवली आहेत. तिसरी ओळ मी जशीच्या तशी लिहितो. ही लिव्ज इन कार्डिफ विथ हिज फॅमिली. चौथ्या ओळीत पत्ता.

म्हणजे माझी पत्रे तुम्हाला पोचली होती. नमुनेही पोचले होते.

मी कागद घेऊन आनंदीबाईंकडे गेलो. त्यांना वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, "इज लिविंग नाय? लिव्ज?" मी म्हणालो, लिव्ज. त्या सुपारीचे सूप खाली ठेवून म्हणाल्या, "मगे बिऱ्हाड केल्यान रे."

घरी येईपर्यंत मी ठरवले होते. आपल्या बोलीचा एक फायदा आहे, तो घ्यायचा. वहिनींना म्हणायचे, भाई थंय रवता. रवता म्हणजे चार दिवस राहतो तरी रवता, कायमचा राहतो तरी रवता. खोटे एक अक्षर नाही, आणि पुढचे तीन शब्द गाळायचे.

वहिनी पडवीत आमसुलांसाठी रतांबे फोडत होत्या. हात कोपरापर्यंत लाल. म्हणाल्या, "माजे हात असे. तुमीच वाचा." मी इंग्रजी भरभर वाचले, शब्द कळू नयेत म्हणून, आणि म्हणालो, "भाई कार्डिफ म्हणान गाव आसा, थंय रवता."

"रवता म्हंजे कसा? एस लावल्यानी हा, काय आयएनजी?"

मी कागदाची घडी घालू लागलो.

"तीन म्हयने रहाटार आराडतास, माज्या कानात काय कापूस घातलेलो आसा?"

"एस," मी म्हणालो.

"मगे ता रीतीचा झाला. सूर्य उगावता तसा." त्यांनी एक रतांबा फोडला, बी टोपात टाकली, साल सुपात. "फुडे काय ता परत वाचा. सावकाश."

मी वाचले. विथ हिज फॅमिली.

याचा अर्थ सांगावा लागला नाही. आपल्या वाडीत मुंबईकर गणपतीला येतात आणि बायकोकडे बोट दाखवून म्हणतात, ही आमची फ्यामिली. तो शब्द इंग्रजी आहे हेसुद्धा पुष्कळांना माहीत नाही.

वहिनी म्हणाल्या, "फ्यामिली थंय. मगे मी हंय कोण?"

हे त्यांनी मला विचारले नव्हते. तेवढ्यात आई आतून विचारत बाहेर आली, "काय म्हणता कागद?" वहिनींनी मान वर न करता सांगितले, "बरे आसत म्हणता, आये. कामधंदो चल्ता."

आई खूश होऊन आत गेली. वहिनींनी राहिलेले सगळे रतांबे फोडले. शेवटी सूप उन्हात ठेवून हात धुतले, तेव्हा पहिल्यांदा कागद हातात घेतला, ती ओळ शोधली आणि बराच वेळ बघून मला परत दिला.

मग मी एडनच्या कार्डाचेही सांगून टाकले. आनंदीबाईंची मडम, उघडे दार, सगळे. त्या म्हणाल्या, "म्हंजे माका ते येतंय सांगान गेले." आणि थोड्या वेळाने, "कार्ड तुमच्या नावान कित्याक? माका येतंय म्हणूचा होता तर माका लिवचा होता."

हे तुमच्यासाठी लिहितो आहे.

गुरुदास

---

आचरा, ता. १७ मे १९५९

भाई,

तुम्ही उत्तर देणार नाही असे आता धरून चालतो. तरी लिहितो, कारण अजून एक गोष्ट राहिली आहे.

तुमची सही मला येते. हरिश्चंद्र या तुमच्या नावातला ह तुम्ही खाली ओढता आणि शेवटी शिरोरेघ तशीच लांब सोडून देता. पाटीवर चाळीस वेळा काढली. एकतिसाव्या वेळेपासून मलाही फरक ओळखू येईना. ती पाटी वहिनींनी पाहिली. मला वाटले रडतील किंवा हो म्हणतील. त्या म्हणाल्या, "पुसा ती. खोट्ये सहीर मास्तरीण झालंय तर पोरांक शुद्धलेखन खंयच्या तोंडान घालू?"

मी पुसली. आणि मग छापील नमुना त्यांच्यापुढे ठेवून ती ओळ दाखवली.

ओळ अशी आहे: 'पती अथवा पालक यांची संमती.'

अथवा पालक. दोन वर्षांपूर्वीच्या नमुन्यातही हेच होते. मी अक्षर अन् अक्षर वाचणारा माणूस आहे, ते मला पहिल्याच दिवशी दिसले होते. आईचा अंगठा चालला असता. पण तसे सांगितले असते तर त्याचा अर्थ, भाई येतीलच असे नाही, असा झाला असता. म्हणजे माझे वाचन चुकले असा झाला असता. म्हणून मी वहिनींना ती ओळ वाचून दाखवताना 'पतीची संमती' एवढेच वाचले. यंदा तुम्हाला लिहिलेल्या पहिल्या पत्रातही तेवढेच लिहिले. या वेळी मला तुमच्याकडून काहीतरी परत यायला हवे होते. नुसती सही तरी.

वहिनींनी ओळ वाचली. त्यांना मराठी वाचता येते, सातवी पास आहेत, पण कागद नेहमी माझ्या हातात असे. त्या एवढेच म्हणाल्या, "दोन वर्सां, भावजी."

त्यानंतर चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. पाटाच्या टोकाला येऊन उभ्या राहत. आळे भरले तरी हाक देत नसत. मी पाय चालवत राही आणि पाणी वाहून हौसाबाईच्या मळ्यात जाई. हौसाबाई कुंपणाशी येऊन ओरडली, "काय रे गुरू, माझो मळो बुडवतंस काय?" वहिनी हसल्या नाहीत.

पाचव्या दिवशी मी आईला सगळे सांगितले. 'कामधंदो चल्ता' याच्या मागे काय आहे तेही. कार्डिफ, लिव्ज, फॅमिली. मऊ केले नाही, कारण मऊ करून काय होते ते मी पाहिले आहे. आई भिंतीला टेकून बसली. बराच वेळ गुडघा चोळत होती. मग तिने वहिनींना हाक मारली.

"सुगंधा, कागद हाड."

वहिनी म्हणाल्या, "आये, मी गेलंय तर तुमका आंघोळीचा पाणी कोण काढतला? गुडघे तुमचे असे."

"गुरू काढतलो. तेका काढूचाच होया." आई माझ्याकडे बघून म्हणाली, "मोठ्यान हिका थंय रवान बसयल्यान, धाकट्यान हंय वाचून बसयल्यान. आता मी बसवची नाय. खंय तो अंगठो लावचो?"

शाईची वडी मी भिजवली. पोलीस पाटलासमोर अंगठा उठवला. मी जरा तिरका होईल म्हणून तिचा हात धरायला गेलो तर तिने झटकला. अंगठा थोडा तिरकाच आला. तसाच ठेवला आहे.

गुरुदास

---

आचरा, ता. २१ जून १९५९

भाई,

सहीचा कागद आता पाठवू नये. गरज उरली नाही.

वहिनींना पोचवायला मी रत्नागिरीपर्यंत गेलो होतो. बोट बंद असल्याने एस. टी.ने. पत्र्याची ट्रंक, एक वळकटी आणि आमसुलांची पिशवी. कणकवलीला गाडी बदलताना पाऊस होता, ट्रंकेवर मी छत्री धरली आणि वहिनी म्हणाल्या, "ट्रंक काय सर्दी होवन मरता? माज्यावर धरा." चार दिवस अबोला आणि नंतर कामापुरते बोलणे, असे महिनाभर चालले होते. त्यानंतरचे हे पहिले साधे वाक्य. मी छत्री त्यांच्यावर धरली.

ऑफिसात कारकुनाने कागद उलटसुलट केला. "अंगठा कोणाचा? सासूबाईंचा? यजमान नाहीत का?"

मी बोलायला तोंड उघडले होते. वहिनी आधी बोलल्या, आणि शुद्ध बोलल्या. त्यांना तसे बोलताना मी कधी ऐकले नव्हते. "आहेत. कार्डिफला राहतात. इथे माझ्या पालक सासूबाई आहेत, आणि तिथे अथवा पालक असे छापले आहे."

"यजमान परत केव्हा येणार?"

"ते मला ठाऊक नाही. प्रवेशाचे काही विचारायचे असेल तर विचारा."

कारकून कागद घेऊन आत गेला. तो परत येईपर्यंतचा वेळ मी कसा काढला ते सांगता येत नाही. भिंतीवरच्या सूचना वाचत होतो आणि एकही कळत नव्हती. वहिनी मात्र बाकावर ताठ बसल्या होत्या. त्याने येऊन एवढेच विचारले, "जेवणात मासे चालतात ना?" मुख्य बाईंनी कागद मान्य केला होता. वहिनींची खोली वरच्या मजल्यावर आहे, तिघींत एक. निघताना मी काहीतरी क्षमेसारखे बोलायला लागलो. त्या म्हणाल्या, "भावजी, परीक्षेक बसा. आणि आयेच्या गुडघ्याक तेल लावूक विसरा नको." मग एक मुलगी त्यांना हाक मारायला आली आणि त्या जिन्याने वर गेल्या.

परत आल्यापासून आईचे आंघोळीचे पाणी मी काढतो. रहाट आता चार महिने बंद, त्यामुळे वाक्ये म्हणायला जागा नाही. आनंदीबाईंकडे जातो. पुढचा धडा भूतकाळ आहे.

हे पत्र मला तुमच्या निषेधाचे लिहायचे होते. तसा एक कागद लिहिलाही. पण निषेध करायचा तर आधी स्वतःचा करावा लागतो आणि तो माझा तीन पत्रांत करून झाला आहे. तुम्हीही कधीतरी तो करावा, वहिनींच्या नावाने, त्यांच्या पत्त्यावर, इंग्रजीत नको. पत्ता मागील बाजूस लिहिला आहे.

आईचा एक निरोप आहे. ती काल पेज जेवता जेवता म्हणाली, "तेका लिव. थंयच्या सुनेचा नाव काय ता विचार."

मी म्हणालो, आई, हे खरेच लिहू?

"लिव. मी सकाळी उठल्यापासून तिका गाळी घालतंय. नाव म्हायत नाय तेच्यार राग धरून किती दिस रवाचा?"

तेव्हा नाव कळवावे. मराठीत लिहावे, म्हणजे आईला वाचून दाखवताना माझी चूक होणार नाही.

गुरुदास